थोरल्यावर रुसलेली व्हॅन

१

पुलाच्या ऐन मध्यावर व्हॅनने मान टाकली. आधी दोन आचके दिले, मग एक उचकी, आणि मग काहीच नाही. मागे प्रसूतिगृहाच्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, पुढे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला थोरला, आणि पाठीमागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची ही लांबलचक रांग. व्हॅन जुनी होती, कबूल. पण जुनी माणसंसुद्धा वेळवखत बघून आजारी पडतात. ही बया दर वेळी भर रस्त्यात आडवी व्हायची, आणि दर वेळी थोरल्याच्याच हातात.

मिस्त्री आला, इकडे ठोकलं, तिकडे चाचपलं, आणि व्हॅन सुरू झाली. पण तोवर व्हायचा तो उशीर झाला होता. प्रसूतिगृहाची मेट्रन दारातच उभी होती. तिने आवाज चढवला नाही, म्हणून तर थोरल्याला जास्त लागलं. "अजून एकदा असं झालं, तर आम्ही दुसरी लाँड्री बघू," एवढंच ती म्हणाली. घरच्या लाँड्रीचं अर्धं पोट त्या प्रसूतिगृहावर भरत होतं.

दुपारी लाँड्रीत जे व्हायचं ते झालं. भिंतीला दोन खिळे होते आणि दोन खिळ्यांवर व्हॅनच्या दोन किल्ल्या, एक थोरल्याची, एक धाकट्याची. थोरल्याने धाकट्याची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"संध्याकाळची फेरी तू मारतोस तेव्हा ही पळते. सकाळी मी घेतो तेव्हा मरते. मी काय दूधखुळा आहे?" थोरला म्हणाला. "जुनी गाडी विकून नवी घेऊ म्हणून तू कधीचा माझ्या मागे लागलायस. ऐकत नाही म्हटल्यावर आता हे धंदे?"

धाकट्याच्या हातात गरम इस्त्री होती. त्याने ती शांतपणे उभी ठेवली. "दादा, एवढं बोललास ना, आता वाटणीच कर."

"करू. आत्याला बोलावतो साक्षीला."

आतल्या खोलीत धुलाई यंत्र गडगडत होतं. त्या आवाजात आईला यातलं काही ऐकू गेलं की नाही, हे कुणी जाऊन पाहिलं नाही.

२

आत्या म्हणजे जनावरांची डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात, गल्लीत, नात्यागोत्यात सगळे तिला डॉक्टर आत्याच म्हणायचे. उभा जन्म तिने अशा पेशंटांत काढला, की ज्यांना "कुठं दुखतंय" विचारून उपयोग नाही. त्यामुळे तिला एक खोड लागली होती. ती औषधाची पेटी शेवटी उघडायची, त्याआधी प्रश्न विचारून विचारून मालकाचा पिच्छा पुरवायची. "बाई गुराला तपासतात की मला?" असं वैतागून म्हणणारे मालक पुष्कळ होते. गुरं बरी व्हायची, म्हणून खपून जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती वाटणीची साक्षीदार म्हणून. चपला काढायच्या आधी तिने दोघा भाच्यांची तोंडं पाहिली. लहानपणी एका ताटात जेवलेली ही पोरं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. भाऊ गेल्यावर या दोघांनीच ही लाँड्री उचलून धरली होती, आणि आज एका खटाऱ्यापायी घर दुभंगायला निघालं होतं.

"वाटणी करू की," ती म्हणाली. "पण आधी मला सांगा, व्हॅन कुणाच्या वाट्याला देऊ?"

"त्यालाच दे," दोघे एकदमच म्हणाले.

"म्हणजे आजारी जनावर कुणालाच नको. मग आधी आजार बघते."

"आत्या, ती गाय नाहीये," थोरला म्हणाला. "मिस्त्री परवा नवं इंजिन मागवणार आहे. सगळे पार्ट बदलून झालेत, इंजिनच काय ते राहिलंय."

"सगळे पार्ट बदलले आणि आजार तसाच, मग आजार पार्टांत होता कशावरून?"

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. बारीक चणीची, सतत काहीतरी करत असणारी बाई. नणंदेला पाहून तिचा चेहरा फुलला. "वन्सं, बऱ्या वेळेला आलात. बसा. ते टेबल डुगडुगतंय का? कालच पायाखाली रबर घातलंय."

टेबल डुगडुगत नव्हतं. डॉक्टर आत्याने वाकून पाहिलं, तर पायाखाली तांबूस रबराची छान गोल चकती. धुलाई यंत्राच्या पायांखाली तशाच चकत्या. गळका नळ गळत नव्हता, खडखडणारी खिडकी खडखडत नव्हती. प्रसूतिगृह जुन्या रबरी चादरी टाकून द्यायचं आणि आई त्यातून गोल, चौकोनी, लांब, हवे तसे तुकडे कापायची. तिच्या हाती कात्री आणि रबर आलं, की घरातल्या कुठल्याही भोकाची खैर नसे.

"चहा छान झालाय, वहिनी," डॉक्टर आत्या म्हणाली. तिच्याशी त्या सकाळी ती एवढंच बोलली, आणि थोरल्याला हाताला धरून बाहेर व्हॅनपाशी घेऊन गेली.

३

"आता सांग. ही बरी कधी असते?"

"बंद कधी पडते ते विचार ना."

"ते तू आपणहून सांगशीलच. बरी कधी असते?"

थोरला डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, "निघताना उत्तम असते. पहिल्याच सेल्फला सुरू. बाजार ओलांडेपर्यंत काही नाही. मग पुलाच्या आसपास आचके. उभी राहिली की पुष्कळ वेळ काही केल्या ऐकत नाही. मग मनात येईल तेव्हा आपली आपण सुरू होते. नाहीतर मिस्त्री येतो आणि सुरू करतो."

"रोज?"

"रोज असती तर बरं. कधी दोन दिवस नीट चालते, माणूस निर्धास्त होतो, की दिलाच झटका."

"पेट्रोल संपतं का?"

थोरला दुखावला. "आत्या, माझ्या हातात टाकी रिकामी? बाबा एकदा आडरानात पेट्रोलवाचून अडकले होते, तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. अर्ध्याखाली काटा गेला की सकाळीच काठोकाठ भरून घेतो. आणखी एक थेंब मावणार नाही इतकी. काल पुलावर बंद पडली तेव्हासुद्धा नुकतीच भरलेली होती."

"हे सुरू कधी झालं?"

"मागच्या महिन्यात."

"तेव्हा गाडीत काय बदललं?"

"काहीच नाही. उलट तेव्हा ती सुधारत होती. आधी मागे पेट्रोलचा वास यायचा, मेट्रननं एक गठ्ठा परतसुद्धा पाठवला होता, चादरी वास मारतात म्हणून. तो वास आपला आपण गेला. म्हटलं चला, एक कटकट मिटली. तर ही दुसरी उभी राहिली."

डॉक्टर आत्या मान डोलावत राहिली. तिला एक जुना घोडा आठवत होता. मालक बसला की लंगडायचा, दुसरा कुणी बसला की ताठ चालायचा. मालकाने घोड्याचे चारही पाय तपासून घेतले, मलमपट्ट्या केल्या. दोष पायात नव्हताच. मालकाच्या मागच्या खिशात किल्ल्यांचा मोठा जुडगा असायचा आणि तो घोड्याच्या पाठीत रुतायचा. तेव्हापासून तिने एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती. जनावर एकाच माणसापुढे आजारी पडत असेल, तर तो माणूस काय करतो ते बघावं.

धाकट्याला तिने इस्त्रीच्या टेबलाशी गाठलं. तिने काही विचारायच्या आधीच त्याने बोलून टाकलं.

"हो, मी गेलो होतो नव्या गाड्यांच्या दुकानात. दादाला न सांगता. दोनदा. नवी व्हॅन पाहिली, आत बसून पाहिली. पण मी त्या गाडीचं वाईट केलं नाही, आत्या. बाबांची गाडी आहे ती. मी दहावीत असताना त्यांनी मला त्याच सीटवर बसवून गिअर शिकवले." तो एकाच उशीच्या अभ्र्यावरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होता.

"अभ्रा जळेल," आत्या म्हणाली. "तुझ्या हातात कधी बंद पडली?"

"कधीच नाही. तोच तर घोळ आहे. माझ्या जागी दुसरा असता तर मीही त्याच्यावरच संशय घेतला असता."

"तू पेट्रोल किती भरतोस?"

"फेरीपुरतं. फेरीला निघालो की वाटेत थोडं घालायचं, बस. दादा हसतो मला, चमच्याने पाजतोस म्हणतो. पण संध्याकाळी काटा उतरलेला असतो, आणि काठोकाठ भरायला मला जिवावर येतं."

"म्हणजे तू रोज टाकीचं झाकण उघडतोस."

"उघडल्याशिवाय पेट्रोल कसं घालू?"

प्रश्न भाबडा होता. डॉक्टर आत्या मात्र त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी होतं इथे. अगदी जिभेवर होतं, पण उतरत नव्हतं.

४

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा आणि भिंतीला टांगलेले पाने. मिस्त्री पोट सुटलेला, हसरा, हात कोपरापर्यंत काळे. डॉक्टर आत्याने आपली ओळख सांगितल्यावर तो आणखीच हसला. "या, डॉक्टरीणबाई. पेशंट माझ्याकडे पाठवण्याआधी तुमच्याकडे पाठवायला हवा होता."

संशयाची सुई खरं तर याच्याकडे पहिल्यांदा वळायला हवी. पार्ट विकणारा हाच, बसवणारा हाच, आणि हा येईपर्यंत व्हॅन मेलेली, हा आला की जिवंत. आत्याने मनात तसं म्हटलंही. मग तिने काढून टाकलेले जुने पार्ट पाहायला मागितले. लबाड माणूस अशा वेळी "फेकले" म्हणतो. मिस्त्रीने कोपऱ्यातून एक तसराळं ओढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"हा फिल्टर. ही कॉइल. आणि हा पंप, टाकीतून पेट्रोल ओढून इंजिनाला देतो तो."

"हा बिघडलेला आहे?"

मिस्त्रीने उत्तर देण्याऐवजी पंपाची नळी पाण्याच्या डब्यात बुडवली आणि दांडा दाबला. दुसऱ्या टोकाने पाण्याची चिळकांडी उडून थेट त्याच्याच शर्टावर आली. दोघेही त्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

"चांगला आहे की हा," मिस्त्री म्हणाला.

"मग बदललात का?"

"बाई, खरं सांगू? तुमचा भाचा घामाघूम होऊन उभा, मागे गाड्या बोंबलतायत, आणि तो म्हणतो, मिस्त्री, काहीही बदला पण चालू करा. मी पंप बदलला, गाडी चालू झाली. त्याच्या आधी कॉइल बदलली, चालू झाली. त्याच्या आधी फिल्टर. दर वेळी गुण आला. गुण आल्यावर कोण कशाला शोधत बसतंय?"

"औषध दिलं आणि पेशंट उठला, म्हणजे औषधानंच उठला असं नाही," आत्या म्हणाली. "पार्टाला हात लावायच्या आधी तुम्ही काय करता? क्रमाने सांगा. मी गाडी आहे असं समजा."

मिस्त्रीला हा खेळ आवडला. त्याने हात पुसले आणि हवेतल्या व्हॅनभोवती फिरायला लागला. "आलो. मालकाला म्हटलं, पेट्रोल आहे का? मालक म्हणतो फुल्ल आहे. मालकाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? म्हणून आधी टाकीचं झाकण उघडतो, आत डोकावतो. पेट्रोल असतं. झाकण लावतो. मग बॉनेट वर, मग वायरी, मग पार्ट."

"झाकण उघडल्यावर आणखी काही?"

"काही नाही." मग तो हसला. "हां, ती उसासा टाकते. झाकण फिरवलं की आतून असा मोठ्ठा सुस्कारा. मी मालकाला म्हणतो, बघा, दमलीय बिचारी, निवृत्त करा तिला."

आत्याही हसली. पण परतीच्या वाटेवर तो सुस्कारा तिच्या कानातून जाईना. मिस्त्री झाकण उघडतो आणि गाडी जगते. धाकटा रोज झाकण उघडतो आणि गाडी मरत नाही. थोरला काठोकाठ भरतो, झाकण लावतो आणि पुलावर अडकतो. जिला सुस्कारा टाकावासा वाटतो, तिचा श्वास कुणी धरून ठेवलाय?

५

संध्याकाळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत आई खळ करत होती. टेबलक्लॉथ कडक व्हावेत म्हणून लावायची ती पातळ खळ. ती गरम असतानाच मोठ्या डब्यात ओतून झाकण लावून ठेवायची, म्हणजे वर साय धरत नाही. सकाळचा एक डबा गार झाला होता.

"वन्सं, एवढं झाकण काढता का? माझे हात ओले आहेत."

डॉक्टर आत्याने झाकण ओढलं. ढिम्म. दोन्ही हातांनी ओढलं, डबा मांडीत धरून ओढलं. आयुष्यभर म्हशींची अडलेली बाळंतपणं केलेली बाई, पण झाकण काही हलेना.

आई पाठमोरीच हसली. "तसं नाही सुटायचं. आतून रबराची चकती बसवलीय मी, गच्च बसते. गरम भरलं आणि गार झालं, की आतल्या आत ओढून धरतं ते. चमचा घालून जरा कड उचला. थोडा श्वास मिळाला, की आपणहून सुटतं."

आत्याने चमच्याचं टोक कडेला घातलं. डब्याने मोठ्ठा सुस्कारा टाकला, आणि झाकण अलगद तिच्या हातात आलं.

चमचा हातात तसाच राहिला. बाहेरची हवा आत जायला वाट नसली, की आत ओढ बसते आणि काही सुटत नाही. झाकण सुटत नाही. पेट्रोलही सुटत नाही. इंजिन पेट्रोल ओढत जाणार, टाकीत रिकामी होणारी जागा हवेने भरायला हवी, आणि हवा जायचं भोक कुणी बुजवलं असेल तर पंप नवा असो की जुना, बापजन्मात पेट्रोल यायचं नाही. टाकी काठोकाठ असेल तर आत हवा मुळात चिमूटभर, ओढ लगेच बसणार. टाकी उतरलेली असेल तर आत हवेचा हा मोठा साठा, तो पुष्कळ वेळ पुरणार. थोरल्याच्या नीटनेटकेपणानेच त्याचा घात केला होता.

तिने झाकण उलटं केलं. आतल्या तांबूस चकतीवर शाईच्या खुणेचा अर्धा तुकडा होता. लाँड्रीत ज्याचा त्याचा कपडा ओळखू यावा म्हणून न जाणाऱ्या शाईने खूण घालतात. ही प्रसूतिगृहाची खूण होती, रबरी चादरीवरची.

वहिनी खळ ढवळत होती. केसांत पांढरी बट, पदर खोचलेला, ओठांवर कसलंसं गुणगुणणं. मागच्या महिन्यात पेट्रोलचा वास आपला आपण गेला नव्हता. डॉक्टर आत्याला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. कोडं सुटल्याचा आनंद झाला, आणि जिने दोन्ही मुलांना जिवापाड जपलं, तिच्याच हातून त्यांच्यात फूट पडली, हे तिला कळलं तर काय होईल याची भीतीही वाटली. वहिनीला काही न सांगता बाहेर जाऊन तिने थोरल्याला सांगितलं, "सकाळी टाकी काठोकाठ भर. आणि उद्याची फेरी धाकटा मारेल."

"आत्या, उद्या उशीर झाला तर प्रसूतिगृह गेलं."

"नेहमीपेक्षा लवकर निघू. उशीर झाला तर मेट्रनच्या पाया मी पडेन."

६

सकाळी थोरल्याने टाकी भरली. आणखी एक थेंब मावणार नाही इतकी. धाकटा स्टिअरिंगवर, थोरला शेजारी, आणि आत्या मागे चादरींच्या गठ्ठ्यांवर, पोत्यावर बसल्यासारखी. दोघे भाऊ समोर बघत होते. बाजार ओलांडला. व्हॅन मजेत चालली होती.

"बघ," थोरला कडवटपणे म्हणाला. "तुझ्या हातात कशी पळते."

धाकट्याने ओठ घट्ट मिटले. पुलाचा चढ लागला. मध्यावर आल्यावर व्हॅनने एक आचका दिला. मग दुसरा. मग उचकी. धाकट्याने कशीबशी ती कडेला घेतली आणि तिने मान टाकली.

धाकटा स्टिअरिंगकडे बघत होता, आणि थोरला धाकट्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्या जागी काय ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"पंप नवा आहे, कॉइल नवी आहे, फिल्टर नवा आहे," आत्या मागून म्हणाली. "आणि चालवणाराही दुसरा आहे. आता थोरल्या, तू उतर. टाकीचं झाकण हळूच फिरव, आणि कान दे."

थोरला उतरला. त्याने झाकण फिरवलं. टाकीने असा सुस्कारा टाकला, की धाकट्याला तो आत बसून ऐकू आला.

"आता सुरू कर," आत्या म्हणाली. पहिल्याच सेल्फला व्हॅन सुरू झाली.

थोरल्याने झाकण उलटं करून पाहिलं. आत काळपट रबर बसलेलं होतं, पेट्रोलने फुगलेलं, इतकं चपखल की झाकणाचंच वाटावं. त्याने नखाने कड उचलली, चकती बाहेर निघाली. खाली झाकणात हवा जायचं बारीक भोक होतं. चकतीच्या वरच्या बाजूला मात्र पेट्रोल पोचलं नव्हतं. तिथे रबर तांबूसच होतं, आणि त्यावर शाईच्या खुणेचा अर्धा तुकडा.

धाकटाही उतरून आला होता. दोघांनी खूण पाहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात असं गोल कोण कापतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी तुला चोर ठरवलं," थोरला म्हणाला. "आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. चुकलं माझं."

"मी वाटणी मागितली की. मीही काही कमी नाही." धाकट्याने डोळे पुसले ते शर्टाच्या बाहीला. "आईला सांगायचं नाही हं, दादा."

"वेडा आहेस का? सांगतोय कोण." थोरल्याने चकती खिशात टाकली. कित्येक दिवसांत दोघांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. आत्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होती, आणि वयाला शोभणार नाही इतकी खूश होती.

चादरी वेळेत पोचल्या. मेट्रन दारातून बाजूला झाली.

७

घरी आई दारातच होती. "काय निघालं?"

"काही नाही गं," थोरला म्हणाला. "कचरा अडकला होता."

"कुठं?"

"असाच. आत."

आईने त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तिथे काहीतरी गोल फुगलं होतं आणि पेट्रोलचा वास येत होता. "तो कचरा मी कापलेला आहे," ती म्हणाली. "इतका नीट गोल कापायला वाटी घेऊन बसले होते मी. काढलंत कशाला? आता चादरींना पुन्हा वास येईल."

थोरल्याने खिशावर हात ठेवला.

"आई, तू सांगितलं का नाहीस?" धाकट्याने विचारलं.

"विचारलं कुणी? गठ्ठा परत आला तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होता. म्हटलं आपणच बघू. मग गाडी बंद पडायला लागली, तर तुम्ही मिस्त्रीला विचारलंत. वन्संना बोलावलंत. वन्संनी तुम्हा सगळ्यांना विचारलं." तिने नणंदेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून आत्याला ती जास्त लागली. "मला म्हणाल्या, चहा छान झालाय."

डॉक्टर आत्या मान खाली घालून उभी राहिली. जन्मभर मुक्या पेशंटांची दुखणी शोधली, आणि या घरात बोलती बाई होती, तिला विचारलंच नाही. काल खळीच्या डब्यापाशी तिने सगळं सांगितलंसुद्धा होतं, आणि आत्याने तिच्यापासूनच लपवून ठेवलं. "चुकलं, वहिनी," ती म्हणाली.

मग तिने टाकीच्या श्वासाचं सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता आईचा हात पदराकडे गेला. "म्हणजे माझ्यामुळे पोरं भांडली?"

"नाही, आई," थोरला म्हणाला. "भांडलो आम्ही आमच्यामुळे. तुझ्यामुळे नुसती गाडी थांबली."

आईने थोरल्याचा हात धरून चकती खिशातून काढून घेतली, शिवणाच्या डब्यातून कात्री आणली आणि झाकण मागून घेतलं. ते उलटसुलट करून पाहिलं, बोट आतून फिरवलं. झाकणाच्या कडेचं जुनं रबर झिजून दोरा झालं होतं. वास यायचा तो तिथून. तिने चादरीचा नवा तुकडा घेतला, वाटी ठेवून गोल कापला, आणि मग आतला मधला भाग कापून टाकला. नुसतं कडं उरलं. ते तिने झिजलेल्या दोऱ्याच्या जागी बसवलं, आणि मधलं बारीक भोक मोकळं राहिलं की नाही हे तोंडाने फुंकर मारून पाहिलं.

"कडेनं वास जाणार नाही, मधून श्वास जाईल. एवढंच हवं होतं ना? आधी सांगायचं."

एवढ्या पार्टांमागे लागून व्हॅनला खरा हवा होता तो एकच पार्ट, आणि तो घरात होता. धाकटा हसायला लागला. थोरल्याने झाकण घेतलं आणि बाहेर जायला वळला.

"थांब," आई म्हणाली. तिने भिंतीकडे बोट केलं. दोन खिळ्यांपैकी एक रिकामा होता. "ती किल्लीपण खिशात घेऊन फिरतोयस. तेही मला कुणी सांगितलेलं नाही."

थोरल्याने खिशात हात घातला, किल्ली काढली आणि खिळ्यावर लावली. घाईघाईत ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा धाकट्याने त्याचा हात धरला, आणि दोघांनी मिळून ती लावली.